बोरू ते कळफलक : महाराष्ट्रातील व्यवहारलेखनाच्या कौशल्याचे स्थित्यंतर

व्यापारात किंवा कचेरीत ज्यास उन्नती साधावयाची आहे त्याने संगणकविषयक कौशल्ये हस्तगत केली पाहिजेत, हे विधान आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. ‘डिजिटल कौशल्य’ हा शब्दप्रयोग नवा असल्यामुळे त्यामागील वस्तूही सर्वस्वी नवी असावी, असा समज त्यातून उत्पन्न होतो. वस्तुतः लेखनाचे एखादे साधन व्यवहारात रूढ व्हावे, त्या साधनावरील हुकमत ही उपजीविकेची किल्ली ठरावी, आणि कालांतराने ते साधनच मागे पडून त्याच्या जाणकारांवर नव्याने शिकण्याचा प्रसंग यावा, ही घटना मराठी मुलखात एकदाच नव्हे तर निदान तीन वेळा घडलेली आहे. मोडीच्या जागी बालबोध आली, हाताच्या लेखनाच्या जागी टंकलेखन आले, आणि टंकलेखनयंत्राच्या जागी संगणक आला. या तिन्ही स्थित्यंतरांत काय टिकले आणि काय लयास गेले याचा विचार केल्यास आजच्या कौशल्यशिक्षणासंबंधी काही निश्चित अनुमाने काढता येतात. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे.

(१) मोडी आणि दप्तर

मोडी लिपीचा प्रचार देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजेच हेमाडपंत, याने केला अशी परंपरा आहे. या परंपरेविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठीतील पत्रव्यवहार, हिशेब, सनदा आणि खरेदीखते प्रामुख्याने मोडीतच लिहिली जात होती, याविषयी मतभेद नाही. बालबोध ही ग्रंथाची लिपी आणि मोडी ही व्यवहाराची लिपी, अशी ही वाटणी होती. मराठ्यांच्या राज्याबरोबर ही लिपी तंजावरापर्यंत पोचली आणि तेथील दरबारी कागदही तीत लिहिले गेले.

मोडीचे स्वरूप तिच्या कार्याशी सुसंगत होते. कागदावर आधी आडवी रेघ आखून घ्यावी आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जावे, ही तिची पद्धत. इकार आणि उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद तीत सामान्यतः पाळले जात नसत. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा दंडकही नव्हता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे दोष नव्हेत. वाचणारा व लिहिणारा दोघेही एकाच व्यवसायातले, विषय ठराविक, मायने ठराविक, आणि वेळ थोडा, अशा परिस्थितीत जेवढी माहिती लिपीतून वगळता येणे शक्य होते तेवढी वगळली गेली. वेग हा मोडीचा गुण होता आणि त्या वेगाची किंमत वाचणाऱ्याच्या अनुभवातून वसूल होत असे.

हे कौशल्य कित्ते गिरवून साध्य होई. बोरू तासणे, शाई करणे, अक्षरास वळण लावणे, खर्डा करणे, नक्कल उतरणे आणि शेवटी स्वतंत्रपणे मजकूर सांगणे, अशा पायऱ्या चढत उमेदवार कारकून दप्तरात वर जात असे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे नाव मोडीच्या वळणाशी परंपरेने जोडले जाते, यावरून सुंदर व शीघ्र लेखनास राज्यव्यवहारात केवढे मूल्य होते ते ध्यानात येते. या मूल्याचा सर्वांत टिकाऊ पुरावा मात्र कागदांत नसून आडनावांत आहे. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, जमेनीस, पारसनीस या साऱ्या नावांच्या शेवटी ‘लिहिणारा’ या अर्थाचे फारसी ‘नवीस’ हे पद झिजून उरले आहे. लेखनाचे कौशल्य कुळात उतरे आणि कुळाची ओळख होई. अर्थात याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. जे कौशल्य कुळाकडून कुळाकडे जाते ते कुळाबाहेरच्या माणसास सुलभतेने मिळत नाही. दप्तराचे दार उघडे नव्हते. ते काही थोड्या जातींच्या व घराण्यांच्या माणसांनाच उघडत असे, आणि लेखनाचे अवघडपण हेच त्या दाराचे कुलूप होते.

(२) बालबोधीचा विजय

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुद्रणकला मराठीच्या सेवेस आली तेव्हा कोणत्या लिपीचे खिळे पाडावेत हा प्रश्न निर्णीत झालेला नव्हता. विल्यम केरी याने श्रीरामपूर येथे १८०५ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणात देवनागरी खिळे वापरले; १८१० सालच्या त्याच्या मराठी-इंग्रजी कोशात मात्र मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापले गेले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली बाहेर पडला तो बालबोधीत. दोन दशकांच्या या अंतरात कल कोणत्या बाजूस झुकला हे स्पष्ट होते. जोडून लिहिण्यासाठी घडलेली लिपी सुट्या खिळ्यांत बसविणे कठीण होते, आणि सुट्या अक्षरांची बालबोध या कामास सोयीची होती. पुढे १८६९ साली जावजी दादाजी यांनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी मुद्रणास जी सुबकता आणली तिने हा कल कायम केला.

कचेरीत बदल घडण्यास अधिक काळ लागला. लॉर्ड हार्डिंग याने १८४४ साली इंग्रजी शिकलेल्यांस सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला, आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. या दोन घटनांमुळे वरच्या जागांसाठी इंग्रजी हे आवश्यक कौशल्य झाले. तथापि खालच्या पातळीवरील मराठी कागद मोडीतच चालू राहिले. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध लिपीचा स्वीकार करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतरही शाळांतून मोडी काही दशके शिकविली जात होती आणि जुन्या वळणाचे व्यापारी आपली कीर्द-खतावणी मोडीतच ठेवीत होते. शासनाचा निर्णय आणि व्यवहाराची सवय यांत निदान एका पिढीचे अंतर पडते, हे येथे प्रथम दृष्टीस पडते.

या स्थित्यंतराचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. बालबोधीत तो प्रत्येक शब्दागणिक उद्भवू लागला. शुद्धलेखन हे पूर्वी ग्रंथकाराचे काम होते, ते आता कारकुनाचे झाले. सुवाच्य व शीघ्र लिहिणाऱ्याच्या जागी ‘शुद्ध’ लिहिणारा श्रेष्ठ ठरला. साधन बदलले की कौशल्याची व्याख्याही बदलते, आणि कालपर्यंत जी गोष्ट गुणवत्तेत मोजली जात नव्हती ती आज परीक्षेचा विषय होते.

उलट बाजूस, मोडीच्या जाणकारांची संख्या रोडावत गेली तसतसे मोडी कागद मुके होत गेले. पुण्यातील पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह, तंजावरचे दप्तर, आणि गावोगावच्या वाड्यांतील खासगी कागद यांतील मोठा भाग वाचणाऱ्यांच्या अभावी अद्याप अस्पर्शित आहे. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी जातीच्या जुन्या नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने समिती नेमली तेव्हा मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची निकड जिल्ह्याजिल्ह्यांतून भासली. ज्या कौशल्यास शंभर वर्षांपूर्वी उतरती कळा लागली होती त्याचीच वाट सहस्रावधी कुटुंबे पाहत होती. व्यवहारातून गेलेले कौशल्य निरुपयोगी होतेच असे नाही, याचे याहून समर्पक उदाहरण सापडणे कठीण.

(३) टंकलेखनयंत्र

रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली अमेरिकेत बाजारात आणलेले टंकलेखनयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईच्या पेढ्यांत व सरकारी कचेऱ्यांत येऊन पोचले. या यंत्राबरोबर कौशल्यसंपादनाची एक निराळी व्यवस्थाही आली. मोडीचे वळण दप्तरात उमेदवारी करून येत असे. टंकलेखन शुल्क भरून वर्गात शिकता येऊ लागले. १९०० साली मुंबईत दावर यांचे वाणिज्य महाविद्यालय निघाले, १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले, आणि पुण्यात १९४३ साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. या मोठ्या संस्थांच्या छायेत तालुक्या-तालुक्यांतून टंकलेखन व लघुलेखन शिकविणाऱ्या छोट्या संस्था उभ्या राहिल्या. एका खोलीत दहा-वीस यंत्रे, तासावर विद्यार्थी, आणि भिंतीवरील घड्याळ, एवढेच त्यांचे भांडवल असे.

या संस्थांचे सामाजिक कार्य त्यांच्या आकारमानाच्या मानाने फार मोठे होते. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण होणारास त्याचे कुळ विचारले जात नव्हते, दर मिनिटाची शब्दसंख्या विचारली जात होती. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीत दर मिनिटास ३० अथवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग हे माप ठरले. माप जाहीर असले की तयारी करता येते, आणि तयारी करता आली की दार थोडेफार उघडते. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या अनेक तरुणांना, आणि विशेषतः शहरांतील मध्यमवर्गीय स्त्रियांना, कचेरीचा उंबरठा या प्रमाणपत्राने ओलांडता आला. असे असले तरी हा मार्ग बहुधा उंबरठ्यापाशीच संपत असे. जो टंकलेखक केवळ वेगावर विसंबला तो निवृत्तीपर्यंत टंकलेखकच राहिला. ज्यास पत्राचा मसुदा करता येत होता, टिप्पणी लिहिता येत होती, नियम माहीत होते, तो वर गेला. यंत्राने प्रवेश दिला. बढती भाषेने व विषयज्ञानाने दिली.

देवनागरीच्या बाबतीत यंत्राने काही विलक्षण प्रश्न उपस्थित केले. छापखान्यात देवनागरीसाठी शेकडो खिळे लागत; यंत्रावर सुमारे ४५ कळा व प्रत्येकीवर दोन चिन्हे, एवढ्यांतच सारी लिपी बसवावयाची होती. त्यासाठी अक्षरांचे तुकडे करण्यात आले. अनेक यंत्रांवर घ, ध, भ यांसारखी अक्षरे अर्धे रूप आणि कान्याची दांडी अशा दोन ठोक्यांत पुरी होत. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे येत असल्याने ती व्यंजनाच्या आधी ठोकावी लागे. म्हणजे ‘कि’ हे अक्षर उच्चारात ककारापासून आणि टंकलेखनात इकारापासून सुरू होई. टंकलेखकाची बोटे अशा रीतीने ध्वनीचा क्रम विसरून आकाराचा क्रम शिकली. देवनागरीच्या सुधारणेसाठी १९५३ साली लखनौ येथे परिषद भरली, तिच्यामागे यंत्रांची ही अडचणही होती. मराठी लेखनाचे जे नियम १९६२ साली मान्य झाले त्यांनी अनुच्चारित अनुस्वारांस रजा दिली. तीमुळे विद्यार्थ्यांचे ओझे हलके झाले हे खरेच. परंतु जुळारी आणि टंकलेखक यांचेही पुष्कळ श्रम वाचले.

१९५५ साली गोदरेज आणि बॉईस कंपनीने मुंबईत भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभारात स्थान दिले. या तीन गोष्टींच्या संगमातून मराठी टंकलेखकाची मागणी वाढली. राजभाषेचा कायदा हा भावनेचा विषय म्हणून सांगितला जातो. तथापि तो कचेरीत प्रत्यक्ष उतरला तो यंत्रे, कळफलक आणि त्यांवर बसणाऱ्या माणसांच्या द्वारे. हे मनुष्यबळ तयार नसते तर अधिनियम कागदावरच राहता.

(४) संगणकाचे आगमन आणि विरोध

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. व्यापारी पेढ्यांतही त्याच दशकात परदेशी संगणक येऊ लागले. कचेरीतील माणसांस त्यांत संधीपेक्षा संकटच प्रथम दिसले, आणि तसे दिसणे अस्वाभाविक नव्हते. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकास कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी जो प्रखर विरोध केला तो याच काळातला. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांजकडे होते, आणि तिचा अहवाल १९७२ साली सादर झाला. बँकांच्या बाबतीत १९८३ साली व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात करार होऊन मर्यादित यांत्रिकीकरणास वाट मिळाली. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर ही वाट रुंदावत गेली.

या विरोधाकडे केवळ प्रगतिविरोध म्हणून पाहणे इतिहासास धरून होणार नाही. संघटनांचा मूळ प्रश्न असा होता की, यंत्रामुळे वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणास मिळणार, आणि ज्याचे कौशल्य रद्द होणार त्यास नवे शिकविण्याची जबाबदारी कोणाची. करारांनी हा प्रश्न काही वर्षे पुढे ढकलला आणि त्या अवधीत पुष्कळांना शिकण्यास सवड मिळाली. पुढे २०००-०१ साली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा देशभरात सुमारे एक लाख कर्मचारी त्या योजनेखाली बाहेर पडले. त्यांच्या जाण्याची कारणे अनेक होती आणि त्या सर्वांचे खापर संगणकावर फोडता येणार नाही; परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवे साधन शिकण्यापेक्षा निवृत्ती बरी, असा हिशेब अनेकांनी केला असल्यास नवल नाही.

(५) लिपीचे संकेतन : एक विसरलेला धडा

संगणकावर मराठी आणण्याच्या कामी पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ साली तेथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत आरंभ झालेले भारतीय लिप्यांचे काम या केंद्राने पुढे नेले. १९९१ साली ‘इस्की’ हे संकेतन भारतीय मानक म्हणून मान्य झाले. त्याचे तत्त्व महत्त्वाचे होते. त्यात आकाराला नव्हे, तर अक्षराला संकेत दिला होता, आणि तोही उच्चाराच्या क्रमाने. त्याच तत्त्वावर उभारलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकात इकाराची वेलांटी व्यंजनानंतर दाबावी लागते. ती पडद्यावर डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम यंत्र करते. टंकलेखनयंत्राने बोटांना जो ध्वनिक्रम विसरावयास लावला होता तो संगणकाने परत दिला. शिवाय देवनागरीचा कळफलक शिकलेल्यास तीच मांडणी गुजराती किंवा कन्नड लिपीतही उपयोगी पडावी अशी योजना होती.

व्यवहाराने मात्र निराळा मार्ग धरला. छपाई व जाहिरातीच्या व्यवसायास तत्काळ सुंदर अक्षरे हवी होती, आणि टंकलेखकांच्या बोटांना जुनाच कळफलक हवा होता. म्हणून रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले टंक, म्हणजे फाँट, सर्वत्र पसरले. प्रत्येक कंपनीची योजना निराळी. ज्याच्याजवळ तो विशिष्ट फाँट नाही त्यास मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. सुमारे दोन दशके मराठी पुस्तके, वृत्तपत्रांची पाने, सरकारी परिपत्रके, शोधप्रबंध आणि पतपेढ्यांचे अहवाल अशा फाँटांत तयार होत राहिले. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळालेले होते. ते प्रत्यक्ष वापरात येण्यास मात्र पुढील शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. ‘ॲ’ हे मराठीस आवश्यक असलेले अक्षर तर २००८ साली युनिकोडमध्ये आले.

परिणाम असा की, तीस वर्षांपूर्वीच्या संगणकीय मराठी मजकुराची अवस्था तीनशे वर्षांपूर्वीच्या मोडी कागदांसारखी झाली आहे. किंबहुना ती अधिक बिकट आहे. मोडी कागद डोळ्यांना दिसतो आणि सराव केला तर वाचता येतो. मूळ फाँट, मूळ प्रणाली आणि मूळ तबकडी यांपैकी एकही गोष्ट हरवली तर संगणकीय मजकूर मूर्त स्वरूपातच उरत नाही. २०१४ साली मोडी लिपीसही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. व्यवहारातून गेलेल्या लिपीला निश्चित संकेत लाभला, आणि व्यवहारात असलेल्या लिपीतील दोन दशकांचे लेखन असंकेतित राहिले, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. तो घडला याचे कारण लिहिणाऱ्यांचे अज्ञान नव्हे. त्यांना कळा कशा दाबावयाच्या हे उत्तम येत होते. कळ दाबल्यावर काय साठविले जाते हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

(६) प्रमाणपत्र, हिशेब आणि बाजार

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय सेवेसाठी संगणकज्ञानाची अर्हता ठरविण्यात आल्यामुळे तालुक्याच्या गावीही त्याचे वर्ग निघाले, आणि पूर्वीच्या अनेक टंकलेखन संस्थांनी यंत्रांच्या जागी संगणक मांडले. गोदरेज कंपनीने २००९ साली टंकलेखनयंत्रांचे उत्पादन थांबविले. शासकीय टंकलेखन परीक्षाही त्यानंतरच्या दशकात संगणकावर गेली. त्या परीक्षेच्या रूपाने दर मिनिटाच्या शब्दांचे माप मात्र नव्या यंत्रावरही कायम राहिले. जुन्या कौशल्याचे माप नव्या साधनास लावण्याची ही प्रवृत्ती मोडी-बालबोधीच्या संधिकालातही दिसते. सुंदर हस्ताक्षराचे कौतुक मुद्रणाच्या युगातही कितीतरी काळ चालू होते.

व्यापारी हिशेबाच्या क्षेत्रातील अनुभव अधिक बोधप्रद आहे. जुना दिवाणजी रोजकीर्द लिही, तीवरून खतावणी करी, जमा-नावे जुळवी आणि वर्षाअखेर ताळेबंद काढी. १९८६ साली आरंभ झालेल्या ‘टॅली’सारख्या आज्ञावलींनी खतावणी करण्याचे आणि बेरजा मारण्याचे काम स्वतःकडे घेतले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर तर छोट्या दुकानदारासही संगणकीय हिशेबावाचून गत्यंतर उरले नाही. २०१६ साली आलेल्या यूपीआय व्यवस्थेमुळे पैशाची देवघेव भ्रमणध्वनीवर होऊ लागली आणि नोंदींची संख्या अनेक पटींनी वाढली. या घडामोडीत दोन प्रकारचे हिशेबनीस दृष्टीस पडतात. ज्यास जमा आणि नावे यांचे तत्त्व ठाऊक आहे त्याने आज्ञावली काही आठवड्यांत आत्मसात केली, कारण त्याच्या दृष्टीने ती केवळ नवी वही होती. ज्याने पडद्यावरील खिडक्यांचा क्रम तेवढा पाठ केला त्यास आज्ञावलीची नवी आवृत्ती आली की पुन्हा वर्गात जावे लागते, आणि चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम यंत्राने निमूटपणे स्वीकारली तर ती चूक त्यास कळतही नाही. जुन्या कीर्दीत खाडाखोड दिसत असे. संगणकीय नोंद नेहमीच स्वच्छ दिसते.

(७) निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, साधनांचे आयुष्य उत्तरोत्तर आखूड होत गेले आहे. मोडी कित्येक शतके चालली, टंकलेखनयंत्र सुमारे एक शतक, आणि असंकेतित फाँटांचे युग अवघी दोन दशके. पेशवाईतील कारकून एकदा शिकलेल्या वळणावर आपले आयुष्य काढी आणि तेच वळण मुलास देई. आज एकाच व्यक्तीच्या सेवाकालात साधन तीन-चार वेळा बदलते. साधनाचे आयुष्य माणसाच्या सेवाकालापेक्षा मोठे होते तोवर साधन शिकणे म्हणजेच व्यवसाय शिकणे, हे समीकरण खरे होते. आता ते खरे राहिलेले नाही.

दुसरी गोष्ट अशी की, प्रवेश आणि उन्नती यांस लागणारी कौशल्ये भिन्न असतात. प्रमाणपत्राची उपेक्षा करण्याचे कारण नाही. ज्याच्या घरात पूर्वी कोणी कचेरीत गेले नाही त्याच्या दृष्टीने जाहीर माप आणि जाहीर परीक्षा हाच न्याय्य मार्ग आहे, आणि ‘आधी तत्त्व शिका, मग साधन’ हा उपदेश पोटाची भ्रांत असलेल्यास करणे हे सुस्थितांनाच शोभते. परंतु प्रमाणपत्र दिल्याने शिक्षणाचे कार्य संपत नाही. उंबरठ्याच्या आत गेल्यावर मसुदा, टिप्पणी, हिशेबाचे तत्त्व आणि माहितीची पारख याच गोष्टी प्रत्येक युगात माणसास वर नेत आल्या आहेत. साधन शिकवितानाच त्यामागील तत्त्व शिकविता येते. त्यासाठी निराळी वर्षे लागत नाहीत, शिकविणाऱ्याची निराळी तयारी लागते.

तिसरी गोष्ट भाषाविभागांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. कळफलक कसा असावा, अक्षरास संकेत कोणता द्यावा, वर्णक्रम कोणता धरावा, हे निर्णय भाषेचे आहेत. पण ते बहुधा यंत्रज्ञांनी आणि बाजाराने घेतले, आणि भाषाभ्यासक शुद्धलेखनाच्या वादात गुंतून राहिले. आज मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी मोडी वाचावयास शिकतो तो संशोधनासाठी; त्याने युनिकोडची रचना, जुन्या फाँटांतील मजकुराचे रूपांतर आणि संगणकीय लेखनाचे जतन या गोष्टी शिकणेही तितकेच संशोधनाचे काम आहे, आणि त्यातून उपजीविकेची साधनेही निर्माण होतात. प्रकाशनसंस्था, वृत्तपत्रे, न्यायालये, बँका आणि शासकीय कचेऱ्या यांच्यापाशी १९८८ नंतरच्या दोन दशकांतील मराठी मजकुराचा जो साठा पडून आहे त्याचे वाचन करू शकणारी आणि मूळ फाँट ओळखू शकणारी माणसे अद्याप सेवेत आहेत, पण त्यांतील अनेकजण लवकरच निवृत्त होतील. मोडीच्या बाबतीत हा क्षण हातचा निसटला आणि त्याची किंमत एक शतक मोजली जात आहे. विद्यापीठीय विभागांनी आपल्या परिसरातील असा मजकूर कोठे व कोणत्या फाँटात आहे याची नुसती यादी करावयास घेतली, तरी पुढील कामाचा पाया घातला जाईल.